राजीनामा झाला

“मौन धरलं ना विमल, की मग पाटीवरसुद्धा लिहायचं नाही. खुणा करायच्या नाहीत, भांडी आपटायची नाहीत. हात बोलला तरी ते बोलणंच,” असं आई वाती वळता वळता सांगायची. पाचोऱ्याच्या त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात तिचा आवाज इतका खालचा असायचा, की ऐकण्यासाठी मला श्वास रोखून धरावा लागे. तो आवाज तापीकाठच्या राजघाटाच्या पायरीवर मला पुन्हा ऐकू आला, कारण माझा हात फोनकडे गेला होता. स्नान झालं होतं, तापीला फूल वाहून झालं होतं, ओलं पातळ पिळून पिशवीत ठेवलं होतं. म्हणजे मंगळवारचं माझं मौन सुरू झालं होतं, ते थेट दिवेलागणीपर्यंत. रात्री बंद ठेवलेलं नेट सवयीनं चालू केलं आणि अमृताचा निरोप येऊन पडला. लिहिलेला नव्हे, बोललेला. रात्रीच पाठवलेला. ऐकणं म्हणजे काही बोलणं नव्हे, अशी मनाची समजूत घालून मी फोन कानाला लावला. नदीवरून गार वारा येत होता, खालच्या पायरीवर कुणीतरी राखेनं लोटा घासत होतं, आणि त्या घासण्यातून माझी पोर म्हणाली, “मम्मी... राजीनामा झाला. आत्ताच. मी निघाले तिथून. पप्पांना तू सांग, हां? मी ना...” मग नुसता श्वास. “नाही, काही नाही. बस दिसू राहिली. ठेवते.”

पायरी एकदम खूप थंड लागली. राजीनामा. म्हणजे सोडलं तिनं. इतके महिने ज्याच्यासाठी तिकडे तिनं आणि इकडे मी जीव टांगून ठेवला होता, ते मिळालं, हातात आलं, आणि तिनं ते सोडलं. का सोडलं? कुणी काय म्हणालं तिला? मी तोंड उघडलं आणि मिटलं. घशात शब्द आला की तो कसा वर चढतो, टाळूला कसा टेकतो, हे बोलणाऱ्या माणसाला कळत नाही, मौनात कळतं. तो शब्द मी गिळला आणि तो गिळल्यावर छातीत कुठंतरी अडकून बसला, पाण्याशिवाय घेतलेल्या गोळीसारखा. अमृता फिनलंडला शिकते, कागद तयार करण्याचं शिक्षण. बाप कागद मिलमध्ये, आजोबा मिलमध्ये; ओल्या लगद्याचा वास लहानपणापासून तिच्या नाकात. तिकडे पदवी पुरी व्हायची तर आधी एखाद्या कंपनीत काही महिने काम करावं लागतं. ती इंटर्नशिप मिळाली नाही तर पदवी लोंबकळते, आणि पदवी लोंबकळली की तिथं राहण्याची परवानगीसुद्धा. ती अर्ज करत राहिली. कुठून नकार यायचा, कुठून तेवढंही नाही. “फिनिश येते का विचारतात मम्मी. मी म्हणते शिकू राहिली. ते म्हणतात, शिकून घ्या मग या,” ती हसून सांगायची आणि हसता हसता कॅमेरा दुसरीकडे वळवायची. मग एकदा मी इच्छापूरला गेले, देवीची टेकडी चढले आणि गाभाऱ्यासमोर हात जोडून म्हटलं, हिला ते काम मिळू दे आणि ते नीट पार पाडून पोर घरी येऊ दे. तोवर मंगळवारी दिवे लागेपर्यंत मी बोलणार नाही. माझ्यासारखीनं दुसरं काय द्यायचं? सोनं देवीकडे होतंच. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत उत्तरेकडची एक कागद मिल हो म्हणाली. ती मिल देवीनं दिली, असं मी धरून चालले होते. देवीनं दिलेलं पोरीनं परत केलं, मग आता देवी काय म्हणेल, ही भीती मला पायरीवरून उठता उठता वाटली, आणि तिची लाजही वाटली, कारण आधी पोरीसाठी भीती वाटायला हवी होती.

घाटावरून घरी, स्टेशनजवळच्या लालबागला येताना रिक्षात मी फोन पदराखाली धरून बसले होते. रिक्षावाल्यानं विचारलं, “माताजी, स्टेशन के इस तरफ या उस तरफ?” मी नुसतं बोट दाखवलं, आणि आई म्हणाली, खुणा करायच्या नाहीत. बोट मागे घेतलं तोवर त्यानं वळवलं होतं. राजीनामा हा शब्द मला ठाऊक आहे. तो आमच्या घरात एकदा आला होता. माझे वडील पाचोऱ्याला शाळेत शिकवत. एका संध्याकाळी ते नेहमीपेक्षा लवकर आले, छत्री खुंटीला लावली आणि कुणाकडेही न पाहता म्हणाले, “राजीनामा दिला.” पाऊस नव्हता, तरी छत्री का नेली होती, हे मला अजून कळलेलं नाही. आईनं स्टोव्ह बंद केला. रॉकेलचा वास घरभर पसरला, आणि पुढची कित्येक वर्षं तो गेलाच नाही, असं मला वाटतं. शाळेत काय झालं, त्यांच्याकडून लिहून घेतलं की त्यांनी स्वतः लिहून दिलं, हे आम्हा मुलांना कुणी सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून घरातले आवाज खाली आले. दार हळू लावायचं. ताटली हळू ठेवायची. वडील भिंतीकडे तोंड करून पेपर वाचायचे आणि पान उलटतानासुद्धा ते उलटल्याचा आवाज होऊ द्यायचे नाहीत. आईनं मौन धरायला सुरुवात केली ती तेव्हा. लोक मला म्हणतात, विमलताईंचा आवाज किती मऊ. तो मऊ नाही. तो त्या घरातून तसाच आणलेला आहे.

गल्लीच्या तोंडाशी आशाबाई उन्हात पापडाची खाट मांडून बसल्या होत्या. आमच्या शेजारीण, मनानं चांगल्या, पण तोंडाला विसावा नाही. मंगळवारी मी बोलत नाही हे त्यांना पाठ आहे. “या ताई, या! तुमच्या मौनाच्या दिवशीच मले बोलाले मजा येते, मधात कोणी टोकत नाही,” असं म्हणून त्यांनी मला अडवलंच. “अमृता काय करू राहिली? लागली का नोकरीले? नाही म्हणजे मी काल आयकलं, त्या सिंधी बस्तीतली एक पोरगी परत आली म्हणे कॅनडाहून. बारीक झाली, काय झालं ते सांगत नाही, खोलीतून निघतच नाही. माय म्हणते थकली आहे. थकली! असं थकतं का कोणी?” मी मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मला ठरवता आलं नाही. आशाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “काय झालं वं ताई? चेहरा काहून असा?” त्या प्रश्नात खरीखुरी माया होती, आणि तीच मला सहन झाली नाही. मी पिशवी छातीशी धरून घरात शिरले. मागून त्या म्हणाल्या, “जा बाई जा. देवाशी बोला तुम्ही. आम्ही पापडाशी बोलतो.”

घरात कुणी नव्हतं. हे, म्हणजे माझे यजमान दिगंबर, सकाळीच त्यांच्या मिलमधल्या जुन्या मित्राकडे, ललितभाईंच्या कपड्याच्या दुकानात जाऊन बसतात. निवृत्त झाल्यापासून तीच त्यांची ड्यूटी. मी देवापुढे बसले. रोजचा अध्याय मौनात मनातल्या मनात वाचायचा असतो. ओळींवरून डोळा फिरत होता आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी पोरीचा तो श्वास येत होता. पोथी मिटून मी फोन घेतला. काय झालं ग, एवढंच लिहिलं. बोट त्या बाणाच्या खुणेवर नेलं आणि थांबले. हात बोलला तरी ते बोलणंच. पण आईच्या वेळी फोन कुठं होते? आईची पोर कुठं समुद्रापलीकडे होती? माझ्यात दोन बायका भांडू लागल्या आणि दोघी हळू आवाजात, त्यामुळे कुणाचंच ऐकू येईना. मी पाठवलं. एक टिक आली. दुसरी येईना. देवापुढचं निरांजन शांतपणे जळत होतं. एकच टिक. म्हणजे मौन मोडलं, आणि शब्द तर पोचलाच नाही. दोन्ही गेलं. मी तो निरोप पुसला, पण ‘हा निरोप पुसला आहे’ असं फोनवर राहिलंच, जसं काही खोडल्यावर कागदावर वळ राहतो.

मग मी तिचा आवाज पुन्हा ऐकला. आवाज वाढवून. पुन्हा. कितीदा ते माहीत नाही. आधी शब्द ऐकू येत होते, मग शब्द झिजले आणि त्यांच्या खालचं ऐकू यायला लागलं. ती चालत होती. बर्फावरून चाललं की आवाज येतो, खलबत्त्यात जाडं मीठ कुटावं तसा. हे तिनंच मला गेल्या हिवाळ्यात ऐकवलं होतं, फोन बुटाजवळ धरून, मौज म्हणून. कर्र, कर्र, कर्र. ‘मी ना’ म्हणताना ती थांबली. मीठ कुटणं थांबलं. आणि तिच्या त्या नुसत्या श्वासात, अगदी खोल, आणखी एकदा कर्र झालं. मग आणखी एकदा. मग तेही थांबलं. मी फोन जमिनीवर ठेवला. तिच्या मागं कुणीतरी चालत होतं. ती थांबली तेव्हा ते थांबलं. की माझे कान? सकाळपासून पोटात अन्न नाही, कानात घाटाचं पाणी गेलं असेल. मी पुन्हा ऐकलं. होतं. पुन्हा ऐकलं, तर नव्हतं. भीती अशी असते. हाक मारली की दडते आणि पाठ फिरवली की पदर धरते.

मिलच्या कॉलनीत होतो तेव्हा एकदा भर दुपारी भोंगा झाला होता. भोंग्याच्या वेळा आमच्या अंगात भिनलेल्या. भोंग्यावर चूल पेटायची, भोंग्यावर मुलं शाळेत जायची. वेळ नसताना झालेला भोंगा ऐकून सगळ्या क्वार्टरांच्या बायका दारात आल्या. कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या हाताला साबण. कुणी कुणाला काही विचारलं नाही, कारण पहिलं नाव कुणी घेतलं तर ते लागेल, अशी आम्हा सगळ्यांची समजूत. अमृता माझ्या कडेवर होती. ती एकटी मोठ्यानं म्हणाली, “पप्पा.” मी तिचं तोंड दाबलं. इतक्या जोरात, की तिच्या ओठाला तिचाच दात लागला. त्या दिवशी दुसऱ्याच कुणाचा तरी हात रोलमध्ये गेला होता. हे घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “मशीनला ओला कागद आणि माणूस यातला फरक कळत नाही.” अमृता पुढे त्याच मशीनमागे शिकायला गेली. तिनं फोनवर इंटरव्ह्यू दिला तेव्हाची गोष्ट तिनं आम्हाला नक्कल करून दाखवली होती. साहेब म्हणाले, तुला कागदच का? “मी काय सांगू मम्मी त्यांना, की आमच्या घरी रद्दीसुद्धा वास घेऊन विकतात?” हे खो खो हसले. मी हसले नाही, कारण मला तो भोंगा ऐकू आला होता. आणि मला त्या हसण्यात सामील होता आलं नाही म्हणून आता हे झालं, असं काहीतरी माझ्या डोक्यात फिरत राहिलं. माझ्या भीतीनंच तिला तिथून ओढून काढलं. आई मौन धरायची, आणि मी सोळा सोमवारांपासून या मंगळवारांपर्यंत सगळी व्रतं भीतीनंच केली. देवाला ते कळत नसेल का?

दुपारी फाटक वाजलं. हे आले ते बोलतच आले. “ललित म्हणतो, थंडी और बढेगी. मी म्हटलं, आमच्या पोरीला विचार, ती मायनसमध्ये बैठी है. जेवण झालं का तुझं? नाही? उपास आहे की राग आहे? मंगळवारी कळत नाही बघ, दोन्हीत तू सारखीच दिसतेस.” मी त्यांच्यासमोर उभी राहिले. फोन पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन हातात घेऊन तो निरोप लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. छत्री खुंटीला लावणारे हात मला दिसत होते. “मम्मी... राजीनामा झाला,” पोर म्हणाली, आणि ह्यांचा चेहरा एकदम उजळला. “अरे वा! हो गया राजीनामा! हो गया!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “मला का नाही पाठवला पण? बापाला नाही, मम्मीला पाठवते! बघतो तिला. थांब, दराबा आणतो. ललितला पण सांगतो, त्याचा तर हक्क आहे या शब्दावर.” मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. पोरीनं सोडलं आणि हे मिठाई आणायला निघाले. मी त्यांची बाही धरली. मौनात मी त्यांना कधी हात लावत नाही; ते थांबले, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग त्यांना कळलं. “अगं वेडे! तू काय समजलीस? सोडली म्हणून? पाचोऱ्याचा राजीनामा समजलीस तू!” ते खाली बसले आणि हसता हसता मला समजावू लागले. ललितभाईंचं शेजाऱ्याशी भिंतीवरून वर्षानुवर्षं कोर्टात चाललं होतं, शेवटी दोन्ही पार्टी राजी झाल्या, कागदावर सह्या झाल्या. इथल्या हिंदी कचेरीत अशा समझोत्याला राजीनामाच म्हणतात. अमृताचंही अडलं होतं ते सह्यांवर. कॉलेजची सही हवी, मिलची हवी, तिची हवी. विम्याचं कुणी करायचं यावरून कॉलेज मिलकडे बोट दाखवी आणि मिल कॉलेजकडे. “मीच तिला म्हटलं होतं, बेटा, ये तो अपने यहाँ का राजीनामा हो गया, तीनों राजी तभी काम. तेव्हापासून आमचा शब्दच पडला तो. तू पूजेत होतीस. झाला राजीनामा म्हणजे सह्या झाल्या, बाई. लागली पोर!”

मला माहीत नव्हतं असं नाही. लग्न होऊन आल्यापासून तीस वर्षांहून जास्त मी इथं, या हिंदी मुलखात काढली. बाजारात, बँकेत, शेजारात तो शब्द त्या अर्थानं मी कितीदा ऐकला असेल. पण कानात जो शब्द पहिल्यांदा रॉकेलच्या वासासकट शिरला, तो तसाच राहतो, आणि भीती लागली की माणूस आपल्या माहेरच्या भाषेत ऐकतो. हे चपला घालून निघालेही. मी उंबऱ्यात उभी होते. सुटका व्हायला हवी होती. देवीसमोर हात जोडायला हवे होते. मी हात जोडले, आणि जोडलेल्या हातांच्या मधोमध तो आवाज पुन्हा झाला. कर्र. मग कर्र. ह्यांनी शब्द ऐकला होता आणि शब्दाचा अर्थ त्यांचा बरोबर निघाला. पण त्या श्वासाला कुठला कोर्टातला अर्थ होता? पोर आनंदाची बातमी देत होती, तर तिनं बापाला का नाही दिली? ‘मी ना’च्या पुढं काय होतं?

दिवे लावले. तुळशीपुढे पणती ठेवली. पहिला शब्द काय उच्चारावा हे दर मंगळवारी मला कळत नाही. देवाचं नाव घेते आणि आवाज गंजल्यासारखा येतो. फोनवर अमृताच्या नावाखाली ‘ऑनलाइन’ असं आलं होतं. मी हात लावायच्या आधी ह्यांनीच लावला, स्पीकरवर. “क्यों मैडम! बापाला विसरलात?” तिकडून अमृताचा आवाज आला, छान, खणखणीत. “नाही हो पप्पा! फोन मेला थंडीत, चार्जर विसरली, रात्रभर ट्रेनमध्ये, मग येऊन झोपूनच गेली. झाला ना आपला राजीनामा!” दोघं किती वेळ बोलत राहिले. दराबा तिला दाखवला गेला, ती म्हणाली कुरिअर करा, ते म्हणाले विमानात मुंग्या लागतील. मी ते बोलणं संपायची वाट पाहत होते आणि ते संपू नये, असंही मला वाटत होतं. मग फोन घेऊन मी मागच्या अंगणात गेले आणि दार लोटून घेतलं. “बोल,” मी म्हटलं. “बाळा, ते तुझ्या मागं...”

“तुला ऐकू आलं?” अमृता म्हणाली. एका क्षणात तिचा खणखणीतपणा गेला. “मला वाटलं होतं, आलं नसेल. मुद्दाम बोलत होते ग मम्मी मी. कुणीतरी आहे माझ्याशी बोलायला, असं त्याला वाटावं म्हणून. मिलच्या गेटपासून बसपर्यंत लांब रस्ता आहे, दोन्ही बाजूला झाडं, दुपारीच काळोख. एक माणूस मागे होता. मी थांबले की तो थांबायचा. मी भराभर चालले तर तो नाही भराभर चालला, पण थांबले की थांबायचा.” “मग?” “मग काही नाही. बस आली. तोही चढला. पुढं बसला, माझ्याकडे बघितलंपण नाही. मिलचाच असेल. इथली माणसं तशीच असतात मम्मी, दुसऱ्याच्या जवळून जात नाहीत. मला भीती वाटू नये म्हणूनच थांबत असेल तो. असंपण असू शकतं ना?” “असू शकतं,” मी म्हटलं. “हो ना. आणि नसूपण शकतं,” ती म्हणाली, आणि हसायचा प्रयत्न केला. “पप्पांना नको सांगू. ते एक तर म्हणतील काही नसतं, नाही तर म्हणतील परत ये. मला दोन्ही नाही ऐकायचं.”

राजीनामा दे आणि ये, बाळा. हा शब्द माझ्या जिभेवर आला, माझ्या माहेरचा, छत्रीसकट. सकाळपासून ज्याला मी भीत होते तोच आता मला गोड लागत होता. एक हाक मारली असती तर ती आली असती. ती दमलेली होती, तिला निमित्त हवं होतं आणि मी ते देऊ शकत होते. मग ती या घरात असती, आणि आम्ही तिघांनी ताटल्या हळू ठेवल्या असत्या. तुळशीपुढची पणती वाऱ्यानं आडवी झाली, मी हाताचा आडोसा केला. चटका बसला तरी हात काढला नाही. “काय झालं, बोल ना,” ती म्हणाली. मी विचारलं, “मी काय करू ते सांग.” ती लगेच बोलली, म्हणजे तिनं ते ट्रेनमध्येच ठरवलं असणार. “सकाळची पाळी आहे. काळोखातच जावं लागेल. बसमधून उतरून गेटपर्यंत तू माझ्याशी बोल. रोज. तुझ्याकडे तेव्हा दहा वाजले असतील, पूजा झालेली असते तुझी. काहीही बोल. आशाकाकींचे पापड सांग. पण बसून नको बोलू हां, तू बसून बोलतेस तेव्हा झोपेत असल्यासारखी बोलतेस, मला ऐकूच येत नाही. तूपण चाल. मोठ्यानं बोल. त्यालापण ऐकू जाऊ दे, कुणीतरी आहे म्हणून.” मी म्हटलं, “बोलेन.” “प्रॉमिस?” “प्रॉमिस.” आणि मग तिच्या लक्षात आलं. “अगं पण मी लागते ते मंगळवारी. पहिलाच दिवस मंगळवार. तुझं तर...” ती थांबली. “राहू दे, पहिल्या दिवशी मी बघते.” “मी बोलेन,” मी पुन्हा म्हटलं, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

मधले दिवस मी नीट झोपले नाही. देवीशी मी बोलले होते: पोर काम पार पाडून घरी येईपर्यंत. हे माझं बोलणं होतं, माझ्या तोंडचं, टेकडीवर, साक्षीला आणखी कुणी नसताना. ते मोडलं तर त्याच मंगळवारी, त्याच रस्त्यावर, त्याच झाडांखाली काही झालं तर? आणि ते पाळलं आणि काही झालं तर? रात्री पंख्याच्या बंद पात्यांकडे बघत मी दोन्ही बाजूंनी सगळं घडताना पाहिलं, आणि दोन्हीकडे बर्फच होता. गुरुजींना विचारावं असं वाटलं. विचारलं नाही, त्यांनी काहीतरी सोय सांगितली असती, अमुक दान, तमुक जप, आणि मग ती सोय माझी झाली असती, देवीची नाही. इच्छापूरला जावं असंही वाटलं. गेले नाही. मला वाटलं, समोर उभी राहिले तर मी पुन्हा काहीतरी कबूल करून येईन; माझ्या तोंडून भीतीत फार लवकर कबुली निघते. तेव्हा मी इथूनच, देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्यासमोर बसून म्हटलं, आई, तुला दिलेलं मी मोडणार आहे. तुला राग आला तर तो माझ्यावर काढ, त्या रस्त्यावर नको. उत्तर आलं नाही. इतक्या मंगळवारांत कधी आलं होतं?

मंगळवारी मी घाटावर गेले नाही. घरीच पाणी डोक्यावरून घेतलं, दिवा लावला, पोथी उघडली आणि अध्याय मोठ्यानं वाचला. स्वतःचा आवाज देवघरात इतका मोठा मी आयुष्यात ऐकला नव्हता; दुसऱ्या खोलीतून हे म्हणाले, “कोण आलंय ग?” ते पेपर घेऊन बसले, त्यांना चहा दिला, साखर बरोबर पडली. ललितभाईंकडे जायची त्यांची वेळ व्हायची होती. स्वेटर घातला, कानाला स्कार्फ बांधला, मग तो सोडला, कारण त्यानं ऐकू कमी येतं. एक घोट पाणी घेतलं. काय बोलायचं ते मी आठवडाभर मनात जमवत होते, पापड, थंडी, ललितभाईंची भिंत, आणि आता त्यातलं काही सापडत नव्हतं. रस्त्यावर माणसं असतील. आशाबाई उन्हात बसल्या असतील आणि त्यांना दिसेल की विमलताई मंगळवारी बोलतायत, तेही एकट्याच, तेही मोठ्यानं. बघू देत. फाटकाची कडी मी वर उचलून काढली, वाजू दिली नाही, आणि फोन हातात धरून स्टेशनच्या उलट्या बाजूला, लांब आणि सरळ जाणाऱ्या रस्त्यावर पाऊल टाकलं. अजून फोन वाजला नव्हता. मी चालायला लागले होते.